इंदुमतीची सही

भीमराव गजभिये यांनी छत्तीस वर्षं रेल्वेचे डबे तपासले आणि रिटायर झाल्यावर त्यांच्या हाती आली ती दीड किलोची गाडी. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची ती टूरिंग कार होती, बॅटरीवर चालणारी आणि रिमोटने हाकायची. चारही चाकांना ताकद, प्रत्येक चाकाला बोटभर उंचीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि मागच्या एक्सलच्या मध्ये लिंबाएवढा डिफरन्शियल. गाडी होती मुलीची. अक्षदा बँकेत नोकरीला होती, वय एकोणतीस, आणि ही गाडी ती शर्यतीत पळवायची. भंडाऱ्याहून मावशीचा फोन आला आणि तिने "अक्षदा कुठं गेली?" असं विचारलं की भीमरावांची बायको इंदुमती खरं तेच सांगायची, "मॅरेज गार्डनमध्ये." मावशी हरखून जायची, आणि मग पुढची दहा मिनिटं इंदुमतीला खुलासा करत बसावं लागायचं.

खुलासा असा, की रेल्वेच्या नोकरीपायी गजभिये ज्या राजस्थानी शहरात स्थिरावले होते तिथं मुरलीपुऱ्याच्या पुढे सीकर रोडला एक मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नाचं लॉन, होतं आणि त्याचं पार्किंग चांगलं डांबरी, सपाट, बॅडमिंटनची पाचसहा कोर्टं मावतील एवढं ऐसपैस होतं. लग्नाच्या मोसमात तिथं वऱ्हाडाच्या गाड्या लागायच्या. मुहूर्त नसले की मालक ते शर्यतीच्या क्लबाला द्यायचा. त्यामुळे या क्लबाचं कॅलेंडर पंचांगावर चालायचं. चातुर्मासात, जुलै ते ऑक्टोबर, चार फेऱ्या. मग लग्नांचा धडाका. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आधी, तिकडे मलमास म्हणतात त्या बिनमुहूर्ताच्या महिन्यात, फायनल. गजभिये बौद्ध, त्यांच्या घरात मुहूर्त बघायची पद्धतच नव्हती. पण या एका गाडीपायी भीमराव आता शेजारच्या शर्माजींना विचारून मुहूर्त कधी नाहीत याची यादी भिंतीवर लावू लागले होते.

सुरुवातीला त्यांना डिफरन्शियल पटलाच नाही. रेल्वेच्या डब्याची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसवलेली असतात, फिरली तर दोन्ही बरोबर. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते काम चाकाचा उतरता काठ करतो. अक्षदाच्या गाडीत मात्र दोन चाकांच्या मध्ये ही लिंबाएवढी डबी, तिच्यात दातेरी चाकं आणि मधासारखं दाट सिलिकॉन तेल. एक चाक हाताने पुढं फिरवलं की दुसरं मागं फिरायचं. तेल दाट घातलं की दोन्ही चाकं एकमेकांना धरून चालणार, पातळ घातलं की आपापल्या चालीने. भीमरावांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अर्धा तास ते चाक फिरवत बसले होते. "छत्तीस वर्षं मले कोणी सांगतलंच नाही," असं म्हणून त्यांनी जणू सगळ्या रेल्वे बोर्डावर रुसवा धरला होता.

मग ते त्यात असे शिरले की विचारू नका. स्प्रिंगा, शॉकचं तेल, चाकाचा कल, जमिनीपासूनची उंची. मकराण्याच्या संगमरवराची एक उरलेली लादी त्यांनी घासून आरशासारखी सपाट करून आणली. तिच्यावर गाडी ठेवून ते डोळा लावून बघायचे आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी तासभर घालवायचे. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कामाला बसायचे. इंदुमतीने शेजारणीला सांगितलं होतं, "रिटायर झाले तवा वाटलं होतं, आता हे माझ्या डोक्यावर बसतीन. गाडीच्या डोक्यावर बसले, बरं झालं."

सगळं छान चाललं होतं आणि जुलैच्या पहिल्या फेरीत अक्षदाच्या गाडीचं पुढचं उजवं चाक निघालं. भर वळणावर निघालं, गडगडत कडेच्या जनरेटरखाली गेलं, आणि सगळं पार्किंग हसलं. नट आवळायचा राहिला होता. आवळणारे भीमराव होते.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना अक्षदा बोलली. "पप्पा, मतलब, तुम्ही रागावू नका. पण पुढच्या वेळी मी गाडी निमिषला देते." निमिष म्हणजे राजा पार्कातल्या हॉबीच्या दुकानात बसणारा मराठी मुलगा. स्वतः शर्यतीत उतरायचा, दुसऱ्यांच्या गाड्याही लावून द्यायचा, आणि त्यात त्याचा हात चांगला होता. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तेच भीमरावांना जास्त लागलं. मुलीने गाडी काढून घेतली तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढं उभा राहिला.

त्यांनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि मुलीपुढं रेल्वेचा कायदा ठेवला. "आमच्यात ज्यानं दुरुस्ती केली त्यानं गाडी पास करायची नाही. दुसरा माणूस तपासतो, सही करतो, मग गाडी सुटते. एकटा माणूस चुकतोच. माझी चूक झाली ती एकट्यानं काम केलं म्हणून झाली. मले एक तपासणारा दे. परत चूक झाली तर गाडी निमिषची."

"तपासणारा कुठून आणू?" अक्षदा म्हणाली.

दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. इंदुमती भाजी निवडत होती. "माझ्याकडं काऊन पाहून राहिले?" ती म्हणाली, आणि तिथेच तिची नेमणूक झाली.

भीमरावांनी वहीच्या पानावर रेघा ओढून फॉर्म तयार केला. तारीख, केलेली दुरुस्ती, पास की फेल, तपासणाऱ्याची सही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन फेऱ्यांत इंदुमतीने 'पास' लिहून सही केली. भीमराव फॉर्म पुढं करायचे आणि पाणी प्यायला किंवा कोणाशी तरी बोलायला जायचे. परत येईपर्यंत सही झालेली असायची आणि इंदुमती शेंगदाणे खात बसलेली असायची. त्यांना वाटायचं, बाई न बघताच सही करते. करू दे. कायदा कागदावर पाळला गेला म्हणजे झालं. चाक काही परत निघालं नव्हतं, आणि अक्षदा वर सरकत सरकत फायनलला पोचली होती.

फायनलच्या दिवशी सकाळी धुकं होतं, पण अकराला ऊन पडलं आणि डांबर गरम होऊ लागलं. आठ गाड्या फायनलला, पात्रता फेरीत अक्षदा तिसरी. कप पहिल्या तिघांनाच. तिच्या आयुष्यात तिला शाळेतल्या लिंबू-चमच्यानंतर कप मिळाला नव्हता, हे ती स्वतःच सांगायची. निमिष दुसरा होता.

"पप्पा, वळणातून बाहेर पडताना मागची बाजू सटकते," ती जेवणाच्या सुटीत म्हणाली. "मागच्या डिफमध्ये सात हजारचं तेल आहे ना? त्याहून पातळ, पाच हजारचं टाकूया. चाळीस मिनिटं आहेत."

भीमराव बाह्या सरसावून बसले. इंदुमतीने आणलेला डबा त्यांनी उघडलासुद्धा नाही. डिफरन्शियल काढला, चार स्क्रू सोडले, जुनं तेल पुसून काढलं, दातेरी चाकं एकेक करून कापडाने घासली आणि नवं तेल भरायला घेतलं. आतल्या आडव्या पिना जेमतेम बुडतील एवढंच तेल भरायचं, हे त्यांना पाठ होतं. वर्षभर त्यांनी एक थेंब इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. पण आज फायनल होती. आज पोरीच्या गाडीला काही कमी पडायला नको, असं त्यांच्या मनात आलं आणि हात सुटला. जावई जेवायला बसल्यावर वाढतात तसं त्यांनी काठोकाठ वाढलं. झाकण लावलं, स्क्रू आवळले, गाडी जोडली, लादीवर ठेवून उंची पाहिली आणि फॉर्म इंदुमतीपुढं सरकवला. शर्यतीला अठरा मिनिटं होती.

यावेळी पाणी प्यायला जायला वेळ नव्हता, म्हणून ते तिथेच उभे राहिले. आणि त्यांनी पाहिलं, की इंदुमतीने आधी हात पुसले. मग चारही नट एकेक करून चावीने तपासले. मग गाडी मांडीवर उलटी घेतली, मधलं मोठं चक्र अंगठ्याने धरलं आणि मागचं डावं चाक अगदी हळू फिरवलं. थांबली. उजवं फिरवलं. परत डावं. वीस वर्षं ही बाई रेल्वे कॉलनीतल्या बायांचे ब्लाऊज शिवत आली होती. मशीनचा धागा किती ओढून आहे हे ती न बघता बोटाने सांगायची.

"हे जड हाय," ती म्हणाली. "मी सही नाही करत."

भीमरावांना आधी हसू आलं. "अवं, तेल पातळ टाकलं हाय. जड कसं होईन? हलकं झालं पाहिजे."

"तेच म्हणून राहिली मी. हलकं व्हायला पाहिजे होतं, अन् जड झालं. फिरवलं की अडून राहिलं."

"तुले काय कळते त्यातलं?"

बोलून गेले आणि त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. इंदुमती मात्र चिडली नाही. "दर वेळेस तुम्ही पाणी प्यायला जाता न, तवा मी फिरवूनच पाहत होती. असं कधीच नव्हतं लागलं."

एव्हाना अक्षदा रिमोट गळ्यात अडकवून आली होती. शेजारच्या टेबलावरून निमिषही बघत होता. "पप्पा, काय झालं? गाडी ठीक आहे ना? तुम्ही सांगा."

भीमरावांनी गाडी हातात घेतली आणि चाक फिरवलं. खरं सांगायचं तर त्यांना काहीच कळलं नाही. छत्तीस वर्षं हातोडा आणि पाना धरून त्यांच्या बोटांची कातडी जाड झाली होती; डब्याचा एक्सल तापला तर तो त्यांना हाताच्या मागच्या बाजूने कळायचा, पण हे इतकं बारीक काम त्या बोटांचं नव्हतं. त्यांना चाक चांगलंच वाटत होतं. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी "ठीक हाय" म्हटलं असतं तर ती लगेच गेली असती, एक शब्द विचारला नसता. आणि "ठीक नाही" म्हटलं की उरलेल्या पंधरा मिनिटांत डिफरन्शियल परत खोलायचा, सगळ्यांसमोर. गाडी वेळेत झाली नाही तर फायनल गेली. आणि चूक निघाली तर जुलैपासून दुसरी चूक. गाडी निमिषची.

त्यांना एक जुना फिटर आठवला. एका रात्रगाडीचा डबा त्या फिटरने दुरुस्त केला होता आणि भीमरावांनी तो फेल केला होता. गाडी तासभर रखडली. फिटर हात जोडून म्हणाला होता, साहेब, मी स्वतः केलंय, माझ्यावर विश्वास ठेवा. भीमराव म्हणाले होते, विश्वासाचा प्रश्नच नाही, तपासणाऱ्याने नाही म्हटलं की नाही. मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, ते त्यांना आज, रिटायर झाल्यावर, मॅरेज गार्डनच्या पार्किंगमध्ये कळलं.

"गाडी फेल," भीमराव म्हणाले. "आई बरोबर म्हणते. खोलतो मी."

अक्षदाने लगेच बॅटरी काढून दिली आणि स्क्रू ठेवायला तळहात पुढं केला. भीमरावांचे हात चालू लागले. मागचा भाग सुटला, डबी बाहेर आली. झाकणाचे दोन स्क्रू सैल केले तोच कडेनं तेल फुगून वर आलं आणि त्यांच्या बोटावरून ओघळलं. तीन आडव्या पिना त्या तेलात कुठं बुडाल्या होत्या ते दिसतही नव्हतं. आत श्वास घ्यायला जागा नव्हती. कोंडलेलं तेल झाकणाला आणि रबराच्या कड्यांना रेटत होतं आणि चाक अडत होतं. असंच पळवलं असतं तर दुसऱ्यातिसऱ्या फेरीत तेल टायरवर आलं असतं.

"मी जास्त भरलं," भीमराव मोठ्याने म्हणाले, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फायनल हाय म्हणून मुद्दाम जास्त भरलं. माझीच चूक."

इंदुमतीने कापड पुढं केलं. त्यांनी जादा तेल टिपून घेतलं, पिना जेमतेम बुडाल्या, झाकण लागलं, गाडी जुळली. तिकडे सात गाड्या रेषेवर लागल्या आणि निघाल्यासुद्धा. इंदुमतीने घाई केली नाही. चारही नट बघितले, डावं चाक फिरवलं, उजवं फिरवलं, फॉर्म घेतला आणि 'पास' लिहून पूर्ण नावाने सही केली, इंदुमती भीमराव गजभिये. ती सही होईपर्यंत भीमराव ताठ उभे होते.

अक्षदा सगळ्यांच्या मागून, अर्धी फेरी उशिरा निघाली. तिसऱ्या जागेवरून निघणार होती, ती आठवी निघाली. आणि मग जे झालं ते भीमराव पुढं कितीतरी दिवस सांगत होते. गाडी वळणातून अशी निघायची की मागची बाजू डांबराला चिकटून बसल्यासारखी. पहिल्या दोन मिनिटांत तिने दोघांना गाठलं, एक जण स्वतःच्याच घाईने कडेला जाऊन उलटला, सहाव्या मिनिटाला ती चौथी होती. इंदुमती बाकावर उभी राहून ओरडत होती, आणि ही बाई एरवी भाजीवाल्यालासुद्धा हळू आवाजात हाक मारते. शेवटच्या फेरीत अक्षदाची गाडी तिसऱ्याच्या मागे हातभर अंतरावर होती. आणखी एक वळण मिळालं असतं तर... पण वळणं तेवढीच होती. ती चौथी आली. कप तिघांना मिळाले.

निमिष पहिला आला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. भीमराव टेबलाशी बसून हत्यारं पुसून पिशवीत भरत होते. त्यांनी ती एकेक करून, लहानापासून मोठ्यापर्यंत, नेहमीसारखी रांगेत लावली. अक्षदा गाडी घेऊन आली तेव्हा त्यांनी वर न बघताच सांगून टाकलं.

"कप माझ्यापायी गेला, बाई. तू तिसरी निघाली असती. मी म्हटलं होतं, दुसरी चूक झाली की गाडी निमिषची. दे त्याले. माझ्या मनात काही नाही."

त्यांच्या मनात पुष्कळ होतं, पण आवाज त्यांनी बरा सांभाळला.

निमिष हातात कप घेऊन मागेच उभा होता. "अंकल," तो म्हणाला, "तेल जास्त माझ्याकडूनपण भरलं जातं. खूप वेळा. मैं तो किसी को बताता नहीं. तसंच पळवून देतो." आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो स्वतःच लाजला आणि फोटोवाल्यांकडे पळाला.

अक्षदा खुर्ची ओढून वडिलांसमोर बसली. तिचे डोळे लाल होते. कप गेल्याचं तिला फार लागलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. "पप्पा, मला कप पाहिजे होता. जाम पाहिजे होता. मी आज घरी जाऊन रडणार आहे, तुम्ही समजवायला येऊ नका." तिने डोळे पुसले. "पण मी तुम्हाला विचारलं ना, गाडी ठीक आहे का? तेव्हा तुम्ही ठीक आहे म्हटलं असतं तर मी गेली असती. आणि तिकडे तेल टायरवर आलं असतं, अन् मला वाटलं असतं मलाच चालवता नाही आली. मतलब, मला कधी कळलंच नसतं. निमिषने ठीक आहे म्हटलं तर मला दोनदा बघावं लागेल. तुम्ही म्हटलं की नाही बघावं लागत. बस."

भीमरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आणि पुढचा डावा शॉक गळून राहिला," ती उठत म्हणाली. "चातुर्मासाला अजून वेळ आहे, पण तुम्ही उद्याच बसाल, मला माहीत आहे." तिने गाडी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि तोंड धुवायला नळाकडे गेली.

भीमरावांना इतका आनंद झाला की त्यांना तो कुठं ठेवावा ते कळेना. त्यांनी इंदुमतीकडे पाहिलं. ती न उघडलेला डबा उघडत होती.

"शॉक मी करतो," ते घाईघाईने म्हणाले, "पण तपासाले तू येशीन न?"

"येईन," इंदुमती म्हणाली. "आधी दोन घास खाऊन घ्या. सकाळपासून उपाशी हाय तुम्ही."